फुटबॉल अंडाकृती का होतो? हवा, धागे आणि कॉम्प्युटरवरचं गणित

केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचे दिवस आले की कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलशिवाय दुसरा विषय नसतो. तालमीच्या पोरांकडे सरावाचे जुने चेंडू असतात. भरपूर लाथा खाल्लेला असा एखादा चेंडू हातात घेऊन फिरवून बघा. बऱ्याचदा तो गोल राहिलेला नसतो, एका बाजूनं लांबट झालेला असतो. जमिनीवर घरंगळत सोडला तर डुलत जातो. बारावीतल्या एका खेळाडूनं मला विचारलं होतं, “सर, आत हवा तर सगळीकडं सारखीच दाबत्या. मग चेंडू एकीकडनंच कसा काय वाढतोय?”

प्रश्न नेमका आहे आणि त्याचं उत्तर फुटबॉलपुरतं थांबत नाही. गाडीतली एअरबॅग कशी उघडेल, फवारणीचा पाईप दाबाखाली लांबेल की आखडेल, हृदयातून निघालेल्या मोठ्या रक्तवाहिनीला आलेला फुगवटा फुटेल का, हे सगळे प्रश्न एकाच घराण्यातले आहेत. पातळ, ताणला जाणारा आणि वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा वागणारा पडदा दाबाखाली कोणता आकार घेतो, एवढंच त्यात विचारलेलं असतं. अशा पडद्याला अभियांत्रिकीत मेम्ब्रेन म्हणतात. मेम्ब्रेन ओढ सहन करतो, पण त्याला स्वतःचा ताठपणा नसतो. पत्रा वाकवायला जोर लागतो, रुमाल वाकवायला लागत नाही. रुमाल मेम्ब्रेनच्या जवळचा, पत्रा लांबचा.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे कोल्हापूरला ‘सिम्युलेशन’ हा शब्द नवा नाही. साच्यात धातू ओतण्याआधी तो कसा भरेल, कुठं आधी गोठेल हे कॉम्प्युटरवर बघून घेणारे इथं पुष्कळ आहेत. तयार झालेला पार्ट किती भार झेलेल, तेही तसंच बघतात. पण बिडाच्या पार्टवर घोटवलेला हात कापडावर आणि रबरावर तसाच्या तसा चालवला तर उत्तर चुकतं. ते का चुकतं, हे समजलं तर विषयाचा गाभा समजला.

आधी हवेचं काम बघू

स्पर्धेच्या फुटबॉलचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर असावा लागतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर जास्त. आपण घेर ६९ सेंटीमीटर आणि दाब ०.८ धरू. त्रिज्या येते सुमारे ११ सेंटीमीटर.

आता मनातल्या मनात चेंडूचे मधोमध दोन अर्धे करा. आतली हवा हे दोन अर्धे एकमेकांपासून दूर ढकलते आहे. किती जोरानं? दाब गुणिले मधल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ. हिशेब केला तर सुमारे ३१० किलोंचा जोर येतो. हा सगळा जोर ६९ सेंटीमीटर घेराच्या कातड्यानं धरून ठेवायचा आहे. म्हणजे दर सेंटीमीटरला साधारण साडेचार किलो. चेंडूच्या शिवणीवर बोटाच्या नखाएवढी रुंदी घ्या. चेंडू नुसता कोपऱ्यात पडून असतानासुद्धा तेवढ्या रुंदीवर साडेचार किलोंचं वजन लटकलेलं असतं.

यातून एक साधं सूत्र निघतं: गोल चेंडूच्या कातड्यातला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन. नळीसारख्या आकारात मात्र घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो. म्हणून साधा रबरी पाईप दाबानं फुटतो तेव्हा बहुधा लांबीला उभा चिरतो.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हवेला दिशा नाही, ती सगळीकडे सारखीच दाबते. त्या विद्यार्थ्याचं ते म्हणणं बरोबरच होतं. दिशा येते ती आकारातून, आणि त्याहून जास्त पडद्याच्या आतल्या रचनेतून.

कापडाला दिशा असते

घरातला एखादा सुती रुमाल घ्या. किनारीच्या दिशेनं उभा ओढा. फारसा ताणत नाही. आडवा ओढा. थोडा फरक जाणवेल, पण तोही फार ताणत नाही. आता दोन समोरासमोरचे कोपरे धरून तिरका ओढा. रुमाल सरळ लांबतो आणि मधून अरुंद होतो. शिंपी याला उरेब म्हणतात. ब्लाउजच्या गळ्याला लावायची पट्टी उरेब कापतात ती याचसाठी, की ती वळणावर सुरकुती न पडता बसावी.

तिरकं ओढताना धागा लांबत नाही, धाग्यांमधले चौकोन तिरके होऊन शंकरपाळ्याच्या आकाराचे होतात. म्हणजे तोच धागा, तेच कापड, पण एका दिशेला घट्ट आणि दुसऱ्या दिशेला सैल. या गुणाला दिशासापेक्षता म्हणू. बीड किंवा पोलाद व्यवहारात सगळ्या दिशांना सारखंच वागतं असं धरता येतं, आणि तिथं दोन आकड्यांवर काम भागतं: किती जोराला किती लांबतं, आणि लांबताना बाजूनं किती आखडतं. कापडाला दोन आकडे पुरत नाहीत.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला याच्याही पुढची गोष्ट ठाऊक असते. बीमवरून येणारा उभा धागा, म्हणजे ताणा, आणि आडवा भरला जाणारा बाणा हे एकमेकांच्या वरून-खालून नागमोडी जातात. ताणा ओढला की त्याचा नागमोडीपणा कमी होतो, तो सरळ होतो. पण तो सरळ झाला की बाण्याला जास्त वळसा घ्यावा लागतो, आणि कापड आडवं आखडतं. जाड सुताचं साधं विणलेलं कापड भिंगाखाली धरून ओढलंत तर हे डोळ्यांनी दिसतं. आधी लाटा सपाट होतात, तोपर्यंत कापड हाताला मऊ लागतं. लाटा संपल्या की धागा स्वतः ताणला जाऊ लागतो आणि कापड एकदम घट्ट होतं.

या एका निरीक्षणात दोन अडचणी लपल्या आहेत. पहिली, जोर आणि वाढ यांचं नातं सरळ रेषेचं नाही, आधी सैल आणि मग कडक असं वळणाचं आहे. दुसरी, उभी दिशा आणि आडवी दिशा स्वतंत्र नाहीत. आडवं किती ओढलंय त्यावर उभं किती लांबेल ते ठरतं. म्हणून कापडाची पट्टी कापून एकाच दिशेनं ओढायची नेहमीची चाचणी इथं अपुरी पडते. फुगलेल्या चेंडूचं कापड दोन्हीकडून एकाच वेळी ओढलेलं असतं.

चेंडूच्या पोटात काय असतं

फाटलेला शिवणीचा चेंडू उघडून बघा. बाहेरून पॉलियुरेथेनचं गुळगुळीत आवरण, आत रबरी ब्लॅडर, आणि आवरणाच्या पाठीला डिंकासारख्या लॅटेक्सनं चिकटवलेले विणलेल्या कापडाचे थर. चेंडूचा आकार मुख्यतः हे कापड धरून ठेवतं. आवरण पाण्यापासून आणि घासण्यापासून वाचवतं, ब्लॅडर हवा धरतो.

जुन्या पद्धतीच्या चेंडूत ३२ तुकडे असतात: २० षटकोनी आणि १२ पंचकोनी. ते कापडाच्या मोठ्या ताग्यातून कापले जातात. कापताना प्रत्येक तुकड्यात धाग्यांची दिशा कुठंतरी पडतेच. सगळे थर एकाच दिशेनं चिकटवले, किंवा शिवताना तुकड्यांच्या सैल दिशा योगायोगानं एकाच बाजूला आल्या, तर तो चेंडू त्या बाजूला जास्त देतो. सुरुवातीला हा फरक मिलीमीटरभराचा असेल. पण लाथा बसत राहतात, कापड प्रत्येक वेळी ताणून पूर्ण मागं येत नाही, आणि सैल दिशेची कायमची वाढ साठत जाते. शिवण ढिली पडणं हेही एक कारण असतं, पण धाग्यांची दिशा हे त्याहून आधीचं. म्हणून थर एकमेकांना तिरके ठेवून चिकटवणं हा सोपा आणि गुणकारी उपाय आहे.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात संशोधकांनी शिवलेल्या फुटबॉलचं असं तपशीलवार संगणकी मॉडेल केलं, आणि त्यात पॅनेलच्या कापडाची दिशासापेक्षता धरली. खेळात चेंडू पायाला क्षणभरच टेकतो. तेवढ्यात तो किती चपटतो आणि कोणत्या बाजूनं, यात धाग्यांचा हात असतो. उत्तम दर्जाच्या चेंडूसाठी फिफाची गोलाईची चाचणीही आहे. तिच्यात व्यासातला फरक जेमतेम दीड टक्क्याच्या आत बसावा लागतो.

फवारणीच्या पाईपमधला कोन

दिशेचं सामर्थ्य किती, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते शेतात. उसाला, द्राक्षाला फवारणी करायचा जाड पाईप कापून बघितला तर दोन रबरी थरांमध्ये धाग्यांची जाळी सापडते. धागे पाईपभोवती तिरके गुंडाळलेले असतात, काही डावीकडून, काही उजवीकडून, एकमेकांना छेदत.

धाग्याचा पाईपच्या लांबीशी कोन किती, यावर सगळं अवलंबून आहे. हा कोन सुमारे ५४.७ अंश असेल तर दाब वाढवला तरी पाईप लांबतही नाही आणि आखडतही नाही. त्यापेक्षा कमी असेल, म्हणजे धागे लांबीकडे जास्त झुकलेले असतील, तर दाब दिला की पाईप जाड होतो आणि लांबीला आखूड होतो. जास्त असेल, म्हणजे धागे घेराकडे झुकलेले असतील, तर उलट: पाईप लांबतो आणि बारीक होतो.

रबर तेच, धागा तोच, दाब तोच. फक्त कोन बदलला आणि वागणं उलटं झालं. ५४.७ आला कुठून? वर बघितलं की नळीत घेराचा ताण लांबीच्या दुप्पट असतो. तिरके धागे हे दोन्ही ताण नेमके याच प्रमाणात कधी वाटून घेतील, हे काढलं की कोनाच्या टॅन्जंटचा वर्ग दोन येतो, आणि तो कोन म्हणजे ५४.७ अंश. आखडणाऱ्या पाईपचा गुण वापरून १९५० च्या दशकात मॅककिबेन यांच्या नावानं ओळखला जाणारा कृत्रिम स्नायू आला. हवा भरली की तो आखडून ओढतो. आजही रोबोंच्या हातात तो वापरला जातो.

मला या विषयातलं हे सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं. कारण इथं उत्तर कागदावर काढता येतं, आणि कॉम्प्युटरचं मॉडेल बरोबर आहे का हे तपासायला आयती कसोटी मिळते.

कॉम्प्युटर नेमकं करतो काय

चेंडू आणि नळी हे सोपे आकार. पण घडी घातलेली एअरबॅग, शिवणींची हवेची गादी किंवा वाकडीतिकडी रक्तवाहिनी असेल तर सूत्र सापडत नाही. तिथं फायनाईट एलिमेंट पद्धत लागते. हे नाव १९६० मध्ये रे क्लफ यांनी रूढ केलं.

पडद्याचे हजारो छोटे त्रिकोण करायचे. या जाळ्याला मेश म्हणतात. प्रत्येक त्रिकोणाला तीन गोष्टी सांगायच्या: तुझा मूळ आकार काय, तुझा माल कोणता, आणि तुझ्यात धागे कोणत्या दिशेला धावतात. तिसरी गोष्ट विसरली की मॉडेल कापडाचं राहत नाही, रबरी पत्र्याचं होतं.

मग प्रत्येक बिंदूवर, जिथं त्रिकोणांचे कोपरे भेटतात, तिथं अनेक संघांची रस्सीखेच चालते. शेजारचे सगळे त्रिकोण त्याला आपापल्या बाजूला ओढतात आणि हवा त्याला बाहेर ढकलते. सगळ्या ओढी फिटल्या की बिंदू जागेवर थांबतो. कॉम्प्युटर आधी एक आकार गृहीत धरतो, प्रत्येक बिंदूवर किती ओढ शिल्लक राहिली ते मोजतो, ती कमी व्हावी असा बिंदू थोडा सरकवतो आणि पुन्हा मोजतो. शिल्लक नगण्य होईपर्यंत हे चालतं. हजारो बिंदू एकमेकांत अडकलेले असल्यानं हातानं हे शक्यच नाही.

इथं बिडाच्या पार्टपेक्षा दोन मोठे फरक पडतात. बिडाची लांबी भाराखाली हजारात एखादा भाग बदलते, म्हणून मूळ आकारावरच हिशेब केला तरी चालतो. फुग्याची लांबी काही पटींनी बदलते. सगळा हिशेब बदललेल्या आकारावर करावा लागतो. दुसरं, हवेचा दाब नेहमी पृष्ठभागाला काटकोनात असतो. पृष्ठभाग वळला की दाबाची दिशाही वळते. म्हणजे आकार दाबावर ठरतो आणि दाबाची दिशा आकारावर. दोन्ही एकत्रच सोडवावे लागतात, आणि दाबही एकदम न देता पायरीपायरीनं चढवावा लागतो.

आणखी एक खाचखळगा म्हणजे सुरकुत्या. धागा ओढता येतो, ढकलता येत नाही. पडद्याच्या एखाद्या भागात ओढीऐवजी आकुंचन आलं की तो दुमडतो. दोन गोल कापडं कडेनं शिवून हवा भरली तर कडेला चुण्या पडतात, त्या याच. मॉडेलला हे सांगितलं नाही तर ते कापडाला पोलादी पत्र्यासारखं आकसताना ताठ धरतो आणि नसलेला आधार दाखवतो. सुरकुतलेल्या पातळ पटलांचा हिशेब करण्याची कल्पना बरीच जुनी आहे. विमानांच्या पातळ पत्र्यांसाठी हर्बर्ट वॅग्नर यांनी ती १९२९ मध्ये मांडली.

फुगा इतका साधा, मग तो गणिताला का अडवतो?

फुगा फुगवताना पहिली फुंक सगळ्यात जड जाते, हे लहान मुलालाही माहीत असतं. एकदा फुगला की पुढं सोपं. रबराचा सगळ्यात साधा नियम धरला तर त्रिज्या मूळच्या सुमारे १.३८ पट होईपर्यंत दाब चढतो, आणि त्यानंतर फुगा मोठा होत असताना दाब उतरतो. शेवटी रबराच्या साखळ्या पूर्ण ताणल्या गेल्या की तो पुन्हा चढतो.

घरी करून बघा. दोन सारखे फुगे घ्या, एक कमी आणि एक जास्त फुगवा, तोंडं चिमटीत धरून मधे नळी बसवा आणि सोडा. बहुतेकांना वाटतं दोन्ही सारखे होतील. होतं उलटं: छोट्यातली हवा मोठ्यात जाते आणि छोटा आणखी लहान होतो, कारण दाब छोट्यात जास्त असतो.

आता कॉम्प्युटरची पंचाईत बघा. आपण त्याला सांगितलंय, दाब पायरीपायरीनं वाढव. तो शिखरापर्यंत चढतो, आणि पुढच्या पायरीला जवळपास उत्तरच नसतं. गणित कोसळतं, स्क्रीनवर चूक दाखवली जाते. विद्यार्थी मेश बदलतात, सॉफ्टवेअरला दोष देतात. खरं तर कॉम्प्युटरनं पदार्थाचा खरा गुण पकडलेला असतो. उपाय असा: दाब वाढव असं न सांगता, आत इतकी हवा भर असं सांगायचं. हवेचं आकारमान वाढतच जातं, म्हणून वाट सापडत राहते. किंवा १९७९ मध्ये रिक्स यांनी मांडलेली, वळणाच्या वाटेवर अंतर मोजत पुढं सरकणारी पद्धत वापरायची.

“रबर तर सगळीकडून सारखंच असतं ना?”

साधं रबर जवळपास तसंच असतं. त्याचे नियम १९४० मध्ये मूनी यांनी आणि त्यानंतर रिव्हलिन यांनी बसवले. ट्रेलोअर यांनी १९४४ मध्ये घेतलेली रबराची मापं आजही नवा नियम तपासायला वापरली जातात. पण व्यवहारातलं रबर एकटं क्वचितच येतं. टायरमध्ये दोऱ्या असतात, पाईपमध्ये जाळी, पट्ट्यात कापड. आणि निसर्गात तर धागा नसलेला पडदा शोधूनच काढावा लागेल.

चामडं घ्या. कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या कारागिराला कातड्याचा पाठीकडचा भाग घट्ट आणि पोटाकडचा सैल असतो, हे हाताला कळतं. माणसाच्या त्वचेचंही तसंच. कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांच्या त्वचेला गोल टोचणीनं भोकं पाडली, तर ती गोल न राहता लांबट झाली, आणि शेजारशेजारच्या भोकांची लांबी एका रेषेत आली. शस्त्रक्रियेचा छेद अशा रेषांच्या दिशेनं घेतला तर व्रण बारीक राहतो.

शरीरातला सगळ्यात महत्त्वाचा पडदा

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन हा रबरासारखा पदार्थ असतो आणि कोलॅजनचे तंतू असतात. कोलॅजनचे तंतू भिंतीभोवती दोन दिशांनी तिरके गुंडाळलेले असतात, जवळपास फवारणीच्या पाईपसारखेच. कमी दाबाला ते नागमोडी, सैल पडलेले असतात आणि भार इलॅस्टिन घेतं. दाब वाढला की तंतू सरळ होतात आणि भिंत एकदम कडक होते. यंत्रमागाच्या ताण्याची गोष्ट इथं पुन्हा भेटते. २००० मध्ये होल्झाप्फेल, गॅसर आणि ऑग्डेन यांनी हे वागणं सूत्रात बांधलं, आणि आता धमन्यांच्या मॉडेलमध्ये तेच सूत्र किंवा त्याची भावंडं जागोजागी असतात.

पोटातल्या महाधमनीचा व्यास साधारण २ सेंटीमीटर असतो. तो ३ सेंटीमीटर किंवा जास्त झाला की डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांमध्ये ५.५ सेंटीमीटरच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो. रक्तदाब १२० धरला तर घेराच्या दिशेनं निरोगी भिंतीवर दर सेंटीमीटरला सुमारे १६० ग्रॅम ओढ येते. व्यास ५.५ झाला की तीच ओढ ४५० ग्रॅमच्या घरात जाते, तेही रक्तदाब न वाढता. फुगवटा वाढला की ओढ वाढते, ओढ वाढली की फुगवटा वाढतो. म्हणून हा आजार धोकादायक.

पण केवळ व्यासावर सगळं ठरत नाही. काहींचा ५ सेंटीमीटरचा फुगवटा फुटतो, काहींचा ७ चा वर्षानुवर्षं टिकतो. भिंत कुठं पातळ आहे, वाकण कुठं आहे, तंतू कसे आहेत यानं फरक पडतो. म्हणून सीटी स्कॅनवरून त्या रुग्णाच्या धमनीचा मेश करून भिंतीवरचा ताण काढायचं संशोधन जगभर चालू आहे.

यात एक गंमतीची, पण खरीखुरी अडचण आहे. स्कॅन काढताना धमनी आतल्या रक्तानं आधीच फुगलेली असते. म्हणजे कॉम्प्युटरला जो आकार मिळतो तो ताणलेला आकार आहे, आणि गणित सुरू होतं न ताणलेल्या आकारापासून. म्हणून आधी उलटा हिशेब करून दाब नसताना धमनी कशी असेल ते काढावं लागतं. ही पायरी गाळली तर भिंत खऱ्यापेक्षा जास्त सैल दिसते. शिवाय भिंतीची जाडी नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये नीट दिसत नाही आणि तंतूंची दिशा दिसतच नाही. त्यामुळे हा निकाल आज शस्त्रक्रियेचा निर्णय एकट्यानं घेत नाही. डॉक्टर व्यास आणि वाढीचा वेगच प्रमुख मानतात. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी कॉम्प्युटरच्या चित्रावर नव्हे, आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर चालावं.

“करून बघितलं की कळतंच, मॉडेल कशाला?”

पाईपचं करून बघता येतं. रुग्णाच्या धमनीचं येत नाही. एअरबॅगचंही पुरतं येत नाही: ती साधारण ३० मिलिसेकंदांत उघडते, आणि प्रत्येक नव्या घडीसाठी गाडी आदळत बसणं परवडत नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. ती नायलॉनच्या विणलेल्या कापडाची असते, म्हणजे ताणा-बाणा तिथंही आला. घडी कोणत्या दिशेनं उलगडेल, शिवणीवर कुठं जोर येईल, हे आधी कॉम्प्युटरवर शंभर तऱ्हांनी बघायचं आणि मग मोजक्या तऱ्हा खऱ्या गाडीत आदळून तपासायच्या, असा क्रम असतो.

मॉडेलचा दुसरा उपयोग ‘का’ हे विचारण्यासाठी. प्रत्यक्ष चाचणीत चेंडू लांबट झाला एवढं दिसतं. मॉडेलमध्ये फक्त धाग्यांचा कोन बदलून, बाकी काही न बदलता, बघता येतं. खऱ्या कारखान्यात असं एकच गोष्ट बदलणं जवळपास अशक्य.

“रंगीत चित्र आलं म्हणजे उत्तर बरोबर?”

नाही. आणि यावर मी जोर देतो, कारण लाल-पिवळ्या-निळ्या चित्रानं माणूस फार लवकर भारावतो. कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये अशी चित्रं पानोपानी असतात. ते चित्र म्हणजे आपण भरलेल्या माहितीचं उत्तर असतं. माहिती चुकीची असली तरी चित्र तितकंच सुंदर येतं.

विचारायचे प्रश्न थोडे आहेत. साध्या चेंडूवर हेच मॉडेल चालवलं तर दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन येतं का? ५४.७ अंशांचा पाईप लांबीला स्थिर राहतो का? त्रिकोण निम्म्या आकाराचे केले तर उत्तर हलतं का? हललं तर मेश अजून जाड आहे, त्रिकोण आणखी बारीक हवेत. आणि सगळ्यात आधी: मालाचे आकडे कुठून आणले? पुस्तकातल्या कोष्टकातून ‘नायलॉन’ म्हणून उचललेला एक आकडा विणलेल्या कापडाला लागू होत नाही. विण बदलली की आकडा बदलतो.

खरी मापं घ्यायची एक पद्धत म्हणजे फुगवट्याची चाचणी. कापड किंवा रबर गोल कड्यात घट्ट आवळायचं, खालून हवा भरायची, वर ठिपके काढून दोन कॅमेऱ्यांनी फोटो घ्यायचे. माल सगळ्या दिशांना सारखा असेल तर घुमटाची समान उंचीची वर्तुळं गोलच राहतात. दिशासापेक्ष असेल तर ती लंबगोल होतात. त्या लंबगोलाचा कल बघून सैल दिशा कळते. दुसरी पद्धत म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा चारी बाजूंनी एकाच वेळी ओढणं, दर वेळी दोन दिशांच्या जोराचं प्रमाण बदलत.

हे सगळं आपल्याकडे होऊ शकतं का?

सॉफ्टवेअरची अडचण आता फारशी उरलेली नाही. फेनिक्स, कॅल्क्युलिक्स ही खुली सॉफ्टवेअर फुकट मिळतात. शरीरातल्या ऊतींसाठी खास बनवलेलं फेबायो अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचं, तेही विद्यार्थ्याला मोफत. साधा लॅपटॉप काही हजार त्रिकोणांचं मॉडेल आरामात चालवतो. ज्याला सुरुवात करायची आहे त्यानं थेट धमनीला हात घालू नये. आधी फुगा, मग पाईप, मग कापडाची गोल चकती, असं चढत जावं.

खरी उणीव मापांची आहे. कापड विणणारा जिल्हा आपला, चामड्याचं काम आपलं, फुटबॉलचं वेड आपलं. पण विणलेला माल दोन्ही दिशांनी एकाच वेळी ओढून त्याचं वागणं नोंदवणारं यंत्र सहज हाताशी नसतं, आणि आयात केलेलं महाग पडतं. असं यंत्र बनवायला काय लागतं? एक भक्कम चौकट, चार बाजूंना चार स्क्रू, त्यांना सारख्या गतीनं फिरवणाऱ्या मोटरी, प्रत्येक बाजूला जोर मोजणारा लोड सेल, आणि वरून ठिपक्यांचे फोटो घेणारा कॅमेरा. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, त्या हातांना हे जड नाही. स्क्रूंची अचूकता आणि पकडीत कापड घसरू नये एवढी काळजी घेतली, तर टेक्स्टाईल शिकणारा एखादा विद्यार्थी इचलकरंजीच्या कापडाचे ताणा-बाण्याचे आलेख स्वतः काढेल, आणि मॉडेलमध्ये भरायचे आकडे त्याला कोणाच्या कोष्टकातून उचलावे लागणार नाहीत.